न्हाऊ घालणारीचा पाय

सिडकोपासून औरंगपुऱ्यापर्यंत निम्म्या शहराची पहिली आंघोळ आपल्या पायांवर झाली आहे, असं चतुराबाई सांगायच्या. निम्मं शहर म्हणजे जरा जास्तच झालं. आकड्यांची त्यांना तशीही पर्वा नव्हती. जुळी झाली की त्या चार धरत असाव्यात, असं शेजारणी मागे हसून म्हणत. पण मुकुंदवाडीच्या कुठल्याही गल्लीत जाऊन विचारलं, तर एखादी तरी बाई आपल्या दांडग्या पोराकडं बोट दाखवून म्हणायची, "याचं डोकं नारळासारखं लांबुळकं होतं. चतुराबाईंनी चोळून चोळून गोल केलं."

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं काम त्यांनी सासूकडून उचललं आणि जन्मभर केलं. सकाळी घरात शिरायचं, चुलीवरच्या किंवा गिझरच्या पाण्यात कोपर बुडवून बघायचं, पाटावर बसून लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायचं आणि दोन्ही पाय लांब पसरून एकमेकांना चिकटवायचे. दोन नडग्यांमध्ये जी खोबण होते, तिच्यात बाळ पालथं घालायचं. बाळाची मान घोट्याशी येते, गाल तिथंच टेकतो. मग तेल, मग डाळीचं पीठ, मग कढत पाणी. बाळ रडायचं, बाळाची आई दाराआडून रडायची आणि चतुराबाई दोघांवर सारख्याच ओरडायच्या. शेवटी शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यायची, बाळाला दुपट्यात करकचून बांधायचं आणि आईच्या हातात देऊन म्हणायचं, "घे तुझं गाठोडं." एवढं झालं की पदर खोचून पुढच्या घरी. सव्वा महिना झाला की घर बदलायचं, बाळ बदलायचं, चहाची चव बदलायची.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा कृष्णा चाकणला कंपनीत लागला आणि तिकडंच राहिला. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं तिच्या माहेरी झालं. नातू आजीपर्यंत पोचला तेव्हा त्याला निळ्या प्लास्टिकच्या टबात बसून आंघोळ करायची सवय लागली होती. चतुराबाईंनी हौसेनं पाट मांडला, पाय पसरले, तर पोरानं असा काही टाहो फोडला की सूनच म्हणाली, "राहू द्या आत्या." शहरभरच्या पोरांनी त्या पायांवर मुतून घेतलं आणि सख्खा नातू तेवढा कोरडा राहिला. हे त्या हसत सांगायच्या.

तर असे हे पाय. त्यातल्या डाव्या पायाला जखम झाली.

आधी घोट्याच्या वर आतल्या बाजूनं खाज सुटली, मग कातडी काळवंडली, आणि एक दिवस पाटाचा कोपरा लागून खरचटलं. खरचटणं ते काय, म्हणून त्यांनी हळद दाबली. दुखणं गेलं नाही, उलट पसरलं. तूप झालं, कोरफड झाली, पाचोडच्या बाजारातून कुणी आणून दिलेला काळा मलम झाला. जखम बशीएवढी झाली आणि तिला पाणी सुटायला लागलं. चतुराबाई वर फडकं गुंडाळायच्या आणि कामाला जायच्या. बाळाचा गाल मग त्या फडक्यावर टेकायचा.

हे बरोबर नव्हतं आणि त्यांना ते कळत होतं. सिडकोतल्या एका घरी बाळाच्या दुपट्याला पिवळा डाग दिसला. त्या घरची सासू भली बाई होती, तिनं आवाज चढवला नाही. "मावशी, पाय बरा होऊ द्या, मग या," एवढंच म्हणाली. चतुराबाई तिच्या जागी असत्या तर त्यांनी त्या न्हाणीवालीला जिन्यावरून खाली घालवलं असतं. म्हणून त्यांना राग धरायलाही जागा मिळाली नाही.

बाळंतिणींच्या घरांमध्ये बातमी फोडणीच्या वासासारखी फिरते. बोलावणी थांबली. सवयीनं त्यांना पहाटे जाग यायचीच. पाणी तापवायच्या, स्वतःची आंघोळ करायच्या, पातळ बदलायच्या आणि मग कुठंच जायचं नसायचं. जखमेला वास यायला लागल्यावर त्यांनी स्वतःहूनच माणसांतून अंग काढून घेतलं. सिटीबसमध्ये शेजारची मुलगी उठून पुढं जाऊन उभी राहिली, त्यानंतर बस सोडली. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतंच. मग बारशालाही जाईनाशा झाल्या. एवढी बडबडी बाई, पण दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा तो कढीपत्ता मागायला आलेल्या शेजारणीसाठी, तोही दारातून. आपल्याला कुणी मुद्दाम टाकलेलं नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यानं एकटेपणा कमी होत नाही.

शेवटी गल्लीतल्या सर्जेराव रिक्षावाल्यानं विषय काढला. त्याच्या दोन्ही पोरी चतुराबाईंच्या पायांवर न्हालेल्या. "मावशी, औरंगपुऱ्यात जखमांचा दवाखाना हाय. उजेड मारून बऱ्या करतेत."

"उजेड?" चतुराबाई म्हणाल्या. "उजेड तर आपल्या अंगणात बी पडतोय की फुकट. त्याच्यासाठी औरंगपुऱ्यात कामून जायचं?"

पण गेल्या. दुसऱ्या दिवशी सर्जेराव रिक्षा घेऊन दारात उभाच राहिला आणि त्याला वासाचं काही वाटत नसल्याचं त्यानं इतक्या जोरात सांगितलं, की त्याला वाटतंय हे कळलं.

डॉक्टर बुद्धभूषण हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पायावर जेली लावून यंत्रानं रक्त कसं फिरतंय ते ऐकलं आणि समजावलं, की पायाच्या शिरांमध्ये झडपा असतात, त्या ढिल्या झाल्यात. रक्त वर चढायचं ते खालीच साचतंय, म्हणून जखम भरत नाही. जखम साफ करायची, बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधायची, बसताना पाय उंच ठेवायचा. आणि जोडीला लेझरचा लाल उजेड. "नुसत्या उजेडानं होत नाही हं मावशी," ते म्हणाले. "पट्टी सुटली तर उजेड वाया."

उजेडाची खोली आत होती, पडदा ओढलेली. तिथं यास्मिन नावाची मुलगी होती, गंगापूरची, लग्न होऊन शहरात आलेली. तिनं चतुराबाईंच्या डोळ्यांवर जाड काळसर चष्मा चढवला, स्वतःही घातला आणि त्यांची टाच हातमोज्यातल्या तळव्यावर तोलून धरली. जखमेवर लाल ठिपका पडला.

"चालू कर की," चतुराबाई म्हणाल्या.

"हौ मावशी, कवाच चालू झालंय."

"कायबी लागंना."

"लागायचंच नाही. गरम नसतो हा. हलू नका."

चतुराबाई हलल्या नाहीत. हलण्यासारखं त्यांना काही सुचलंही नाही. आज डॉक्टरांनी तपासलं तेवढं सोडलं तर दीड वर्षात त्या पायाला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. ही पोरगी नाकाला पदर न लावता टाच हातात धरून बसली होती, तोंडानं मशीनच्या नळीच्या तक्रारी करत होती. चतुराबाईंना रडू आलं. चष्मा मोठा होता, त्याचा उपयोग झाला.

आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. त्या दोन दिवसांसाठी चतुराबाई बाकीचे पाच दिवस ढकलायला लागल्या. आदल्या संध्याकाळीच पातळ काढून ठेवायच्या. खोलीत गेल्या की इतक्या दिवसांचं तुंबलेलं बोलणं बाहेर पडायचं: कुठल्या वकिलाच्या घरी कशी जुळी झाली, कुठल्या बाळाच्या अंगावर माकडासारखी लव होती आणि ती पिठानं कशी काढली. यास्मिन ऐकायची, हसायची, मधूनच "नक्को हिलू मावशी" म्हणायची. तिला दिवस गेले होते. लपण्यासारखं राहिलं नाही तेव्हा तिनं सांगितलं, आणि चतुराबाई म्हणाल्या, "मला काय सांगती? चालीवरूनच कळलं व्हतं." खरं तर कळलं नव्हतं, पण इतक्या वर्षांची न्हाणीवाली असं कबूल कशी करेल?

त्या दिवशी पट्टी बांधता बांधता यास्मिन म्हणाली, "मग माझ्या बाळाला तुम्हीच घाला न्हाऊ. पण पाय बरा करा पटकन."

झालं! चतुराबाईंच्या अंगात वारं शिरलं. पाय बरा व्हायला आता कारण मिळालं. यास्मिनचं पहिलं बाळंतपण, ते माहेरी म्हणजे गंगापूरला. गंगापूर काय लांब नाही, एसटी असतेच. सव्वा महिना तिथं रोज जाऊ. एका घरानं बोलावलं की त्या घरची पाहुणी बघते, ती पुढच्या घरी सांगते. आपलं पुन्हा सगळं सुरू होईल. फक्त बाळ यायच्या आत पाय भरायला हवा.

आणि घाई झाली की माणूस आपल्याला येतं तेच करतो. चतुराबाईंना उजेडाचं कौतुक होतं, भरवसा नव्हता. जन्मभर त्यांनी शेकानं माणसं उभी केली होती. कंबर धरली, शेक. पोट फुगलं, शेक. हातात धरवत नाही इतकी आच असली की गुण येतो, हे त्यांना शंभर घरांतून पटलेलं. हा उजेड तर कोमटसुद्धा लागत नव्हता. बिचारी पोरगी मन लावून करते, पण कमी पडतं, असं त्यांनी ठरवलं. आणि उरलेलं आपण पुरं करावं म्हणून घरी पट्टी सोडली, शेगडी पेटवली, निखाऱ्यावर ओवा टाकला आणि पाय वर धरला. तान्ह्या बाळाला देतात तशी धुरी. फक्त बाळाला देताना त्या आपला हात मध्ये धरून आच बघायच्या, इथं बघितली नाही. एकदा नाही, लागोपाठ दोन-तीन दिवस.

पुढच्या खेपेला यास्मिननं पट्टी सोडली आणि तिचा चेहरा उतरला. जखमेच्या कडेला गुलाबी कातडी धरायला लागली होती, ती भाजून सोलून निघाली होती.

"काय केलं मावशी?"

"काय नाय बाई. आपोआपच झालं."

यास्मिन पायावर वाकली. "आपोआप? मग पायाला ओव्याचा वास कायकू येतोय?"

चतुराबाईंचं तोंड एवढंसं झालं. यास्मिन ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मुकाट्यानं जखम धूत राहिली. पट्टी बांधताना म्हणाली, "जखम तुमची तुम्हीच भरताय मावशी, आतून. उजेड फक्त आतल्या कामाला थोडं बळ देतो. वरून आच लावली की ते काम जळतं. इतक्या दिवसांचं जळलं बघा."

चतुराबाईंनी कान पकडले, अगदी खरेखुरे, दोन्ही हातांनी. त्यानंतर त्यांच्यासारखी शहाणी पेशंट त्या दवाखान्यानं बघितली नसेल. पट्टीला हात नाही. दुपारभर भिंतीला टेकवलेल्या गोधड्यांच्या ढिगावर पाय, आणि आपण खाली आडव्या, छताकडं बघत. शेगडी त्यांनी शेजारणीला देऊन टाकली. जखम आटायला लागली. बशीची वाटी झाली, वाटीचं बाटलीचं झाकण झालं. इकडं जखम लहान होत होती, तिकडं यास्मिनचं पोट मोठं होत होतं आणि चतुराबाईंच्या मनात दोघांची शर्यत लागली होती. घरी पडल्या पडल्या त्या हिशेब करायच्या आणि देवाला सांगायच्या, पोरीला चार दिवस जास्त लागू देत.

शेंगदाण्याएवढी जखम उरली असताना यास्मिन रजेवर गेली. जाताना म्हणाली, "येते मावशी, दुवा करा." तिच्या जागी दुसरी मुलगी आली. ती कामाला चोख होती आणि बोलत नव्हती. लाल ठिपक्याखाली चतुराबाई गप्प बसायला शिकल्या. मग एके दिवशी डॉक्टरांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "बंद झाली. आता हा घट्ट मोजा कायम घालायचा, सकाळी उठल्या उठल्या. ही कातडी नवीन आहे, कागदासारखी. तिला जपायचं." चतुराबाईंनी पहिले दोन शब्द ऐकले. बाकीचं त्यांच्या कानावरून गेलं.

आता वाट बघायची. बाळंतिणीच्या घरी बोलावल्याशिवाय न्हाणीवालीनं जायचं नसतं; अपशकुन नाही, पण हलकेपणा असतो. फोन त्या उशाशी ठेवायला लागल्या. तो वाजला की कृष्णा असायचा. तो विचारायचा, "पाय कसा हाय?" त्या म्हणायच्या, "बरा झाला." तो म्हणायचा, "चांगलं झालं." आणि फोन ठेवायचा.

मग वाजला. "मावशी, मुलगी झाली! या ना गंगापूरला."

त्या दिवशी चतुराबाईंनी नखं काढली. हरभऱ्याची आणि मसुराची डाळ भाजून दळून आणली, वस्त्रगाळ केली. तेलात ओवा-लसूण कढवून बाटली भरली. मोजा भिजेल म्हणून घरीच काढून ठेवला. एसटीत खिडकीशी बसल्या, आणि शेजारी एक बाई पोरासकट येऊन बसली, ती गंगापूरपर्यंत उठली नाही. चतुराबाईंनी तिच्या पोराच्या कानामागं बोट फिरवून विचारलं, "कोण न्हाऊ घालतं ह्याला? तेल मुरवत नाय वाटतं."

यास्मिनची आई राहतबी दारातच उभी होती. तिनं हात धरून आत नेलं, पंखा लावला, खुर्ची दिली. चतुराबाईंचं खुर्चीकडं लक्ष नव्हतं. मोरीतून वाफ येत होती, पाट मांडलेला होता, वेळेवर आलो म्हणून त्या खूश झाल्या. पिशवी उघडून त्यांनी बाटली काढली, पदर खोचला आणि मोरीकडं निघाल्या.

"मावशी, मोजा कुठंय?" पलंगावरून यास्मिन म्हणाली.

"भिजला असता. घरी ठेवलाय."

यास्मिन उठून बसली. "तुम्ही नका बसू पाटावर. अम्मी घालतेत रोज. तुम्ही बसा माझ्याजवळ."

"आता मी आलेय ना."

"मावशी, पाय पसरून बसायचं, वरून कढत पाणी, त्यात रोज. ही कातडी मी बघितलीय. महिन्याभरात परत फुटल." तिचा आवाज दवाखान्यातला झाला होता. "तुमच्या पायावर आता कढत पाणी पडायला नको. कधीच."

चतुराबाई बाटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. "तूच म्हणली व्हतीस की."

यास्मिननं मान खाली घातली. "म्हणले होते. पेशंटला कायतरी लागतं मावशी, पुढं बघायला. तुम्ही पट्टी काढून फेकली असती." मग ती म्हणाली, "माफ करा."

राग यायला हवा होता. चतुराबाईंनी शोधला, पण मिळाला नाही. त्याही जन्मभर हेच करत आल्या होत्या. "झालं, झालं, आता संपलंच," असं बाळाला सांगायचं आणि तांब्यावर तांब्या ओतत राहायचं. खोटं असतं ते. पण त्यानंच बाळ स्वच्छ होतं.

त्या खुर्चीवर बसल्या. राहतबीनं पाटावर बसून पाय पसरले, कोपर बुडवून पाणी बघितलं, मुलीला पालथं घातलं. चतुराबाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. मान नीट धरली होती. कानात पाणी जाऊ दिलं नाही. टाळूवर तेल थापलं, ते पुरेसं होतं. चूक काढायला कुठंच जागा नव्हती. मुलगी रडली, आणि चतुराबाईंचे दोन्ही पाय खुर्चीखालून आपोआप पुढं सरकून एकमेकांना चिकटले. त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी ते मागं घेतले.

धुरी झाली. राहतबीनं मुलीला पुसलं, दुपट्यात बांधलं आणि यास्मिनकडं न देता चतुराबाईंकडं आणलं. "लो बाई, तुमची नात."

चतुराबाईंनी मांडी सावरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी न्हाऊन झालेलं बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं होतं. मुलीचं अंग ऊन होतं, तिला साबणाचा आणि ओव्याचा वास येत होता. ती दोनदा तोंड वाकडं करून झोपली. आता पुढं काय करायचं असतं ते चतुराबाईंना माहीत नव्हतं. बाळ झोपायचं त्या वेळेला त्या नेहमी दुसऱ्या घरच्या वाटेवर असायच्या. हात कुठं ठेवावेत तेही त्यांना उमगेना.

राहतबीनं चहाचा कप शेजारी ठेवला. चतुराबाई उठायच्या बेतात आहेत असं वाटून ती म्हणाली, "आरामसे बैठो बाई. जल्दी कायकी?"

चतुराबाई बसून राहिल्या. जल्दी कसलीच नव्हती.